हुकलेल्या किकचा एक गुण

नेम चुकला, आणि सिडनी क्रिकेट ग्राउंडवरचे प्रेक्षक आनंदाने वेडे झाले. ऑस्ट्रेलियन फुटबॉलशी माझी पहिली ओळख ही अशी! शेजारच्या आजोबांनी कौतुकाने 1996 च्या सामन्याची चित्रफीत लावली होती. मी क्रिकेटवर पोसलेला; मैदान ओळखीचं, पण दोन्ही टोकांना बिनजाळीचे चार-चार खांब.

आजोबांनी हिशेब सांगितला. मधल्या दोन उंच खांबांमधून चेंडू लाथेने धाडला की गोल, सहा गुण. बाजूच्या फटीतून गेला तर 'बिहाइंड', एक गुण. म्हणजे थोडक्यात हुकलेल्यालाही बिदागी! फलकावरचं 10.11 हा दशांश नव्हे. दहा गोल, अकरा बिहाइंड, एकूण 71.

ती अंतिम फेरीआधीची प्रिलिमिनरी फायनल होती. एसेनडन 70, सिडनी 70, आणि शेवटचा भोंगा वाजलेला. तरी खेळ संपेना. कारण सिडनीच्या टोनी लॉकेटने भोंग्याआधी 'मार्क' घेतला होता. किकवरून आलेला चेंडू झेलला की पुढची किक त्याची, वेळ संपली तरी. जांघेतलं दुखणं घेऊन त्याने पन्नास मीटरहून लांबून चेंडू मारला. गोल हुकला, एक गुण मिळाला, सिडनी अंतिम फेरीत.

ज्याच्या चुकलेल्या किकचे असे पोवाडे गातात, तोच सर्वांत जास्त गोल करणारा, हे कळल्यावर मी आणखीच गोंधळलो. बॅलरॅटचा हा धिप्पाड लॉकेट, टोपणनाव 'प्लगर', 1983 मध्ये सेंट किल्डाकडून खेळू लागला. 1987 मध्ये त्याला हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक मिळालं, जॉन प्लॅटनसोबत विभागून. 1993 मध्ये, तो अजून प्रतिस्पर्धी असताना, सिडनीच्या याच मैदानावर त्याला चिडवायला कुणीतरी त्याचं नाव आणि 4 हा क्रमांक रंगवलेलं डुक्कर सोडलं होतं. 1995 पासून सिडनीकडून खेळू लागला, आणि तो सिडनीचाच लाडका! 6 जून 1999 ला त्याने गॉर्डन कॉव्हेंट्रीचा 1299 गोलांचा विक्रम मोडला, तेव्हा प्रेक्षक थेट मैदानात घुसले. हा विक्रम 1937 पासून टिकला होता.

अजिंक्यपद मात्र कधीच नाही. 1996 ची अंतिम लढतही नॉर्थ मेलबर्नने जिंकली. म्हणून त्याची कारकीर्द अपुरी म्हणावी, हे मला पटत नाही. 281 सामन्यांत 1360 गोल त्याच्या नावावर आहेत. अलीकडचा सर्वांत मोठा गोलवीर लान्स फ्रँकलिन 2023 मध्ये निवृत्त झाला, तो 1066 वर.