धोंड्याचा जावई

पाऊस उघडला की काळ्या रानात पांढरे खडे वर दिसू लागतात. ही चुनखड. एक खडा उचलून त्यावर लिंबू पिळलं तर बारीक फेस धरतो. बालाघाटाच्या अंगावर वसलेल्या अहमदपूरच्या मातीचा स्वभाव त्या फेसात कळतो. तूर, हरभरा, ज्वारी यांच्यावर ती जीव ओवाळून टाकते. ब्लूबेरी मात्र तिच्यात भरल्या ताटासमोर उपाशी मरते.

हे झुडूप उत्तर अमेरिकेतल्या आंबट, रेताड, कुजलेल्या पाल्याच्या जमिनीतलं. त्याला मातीचा सामू साडेचार ते साडेपाच लागतो. आपल्या काळ्या रानाचा आठच्या आसपास. चुनखडीच्या जमिनीत लोह भरपूर असतं, पण मुळांना ते उचलता येत नाही. मग शिरा हिरव्या राहतात आणि पान पिवळं पडतं. सोयाबीन पेरणाऱ्या आमच्या गावाला हे पान चांगलं ओळखीचं आहे.

अमेरिकेतल्या बागवाल्यांनाही हा अनुभव आधी आलाच होता. चांगली माती, चांगलं शेणखत, वर चुना, असा सगळा पाहुणचार करूनही झुडुपं खंगत. त्यांना आंबट मातीच लागते, हे तिथल्या कृषी खात्यातल्या फ्रेडरिक कोव्हिल यांनी प्रयोगांतून सिद्ध केलं आणि १९१० साली छापलं. ते न्यू जर्सीच्या एलिझाबेथ व्हाइट यांच्या वाचनात आलं. त्यांच्या घरची क्रॅनबेरीची शेती होती. रानात फळं वेचणाऱ्यांना त्यांनी सांगितलं, मोठ्या फळांची झुडुपं दाखवा, पैसे देते, आणि झुडपाला नावही तुमचंच देते. त्यातून निवडलेल्या झाडांचं पहिलं पीक १९१६ साली बाजारात गेलं. वेचणाऱ्याचं नाव वाणाला देण्याची ही रीत मला त्या शोधाइतकीच मोठी वाटते. आपल्याकडे किती गावरान वाण असे निनावीच राहिले.

मीही ब्लूबेरी लावली, ती गादीवाफ्यात. गादीवाफा आम्हाला नवा नाही. हळद, मिरची, कांद्याचं रोप गादीवाफ्यावरच होतं. सोयाबीनसाठी आता रुंद वरंबा-सरी आली; हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेने ती काळ्या जमिनीसाठीच घडवली. वरंब्यावर पीक आणि सरीत जास्तीचं पाणी, एवढाच त्यातला हिशोब. ब्लूबेरीचा वाफा उंच करायचा तो पाण्यासाठी तर खराच, पण त्याहून जास्त आपल्याच मातीपासून तिला तोडण्यासाठी. खाली जाड प्लास्टिक, कडेला निचऱ्याची भोकं, आत कोकोपीट, भाताचं तूस, कुजका पाला आणि चिमूटभर गंधक. विटा-सिमेंटचा वाफा चालत नाही, कारण सिमेंटमध्येही चुनाच. म्हणून माझा वाफा जुन्या फळ्यांचा.

रानच आंबट करून टाकू, असं कुणाच्या मनात येईल, तर तो हिशोबही मांडून पाहावा. एका एकराच्या वरच्या अर्ध्या फुटात नुसता एक टक्का चुना धरला तरी तो नऊ टन भरतो. तेवढा मारायला तीन टन गंधक हवं. आणि आमची माती एक टक्क्यावर थोडीच थांबते!

माती बदलता येते, पाण्याचं काय? बोअरचं पाणी तापवलं की पातेल्याला पांढरा थर बसतो. तोच थर रोज थोडा थोडा वाफ्यात जाणार. म्हणून पत्र्यावरचं पावसाचं पाणी पिपात धरतो. पावसाचं पाणी मुळातच किंचित आंबट असतं. हे करताना मन खातंच. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, तो हा जिल्हा. टँकर सुरू झाले की पिपातलं पाणी आधी घरात येईल आणि झाडाला बोअरच्या पाण्यात लिंबूसत्त्व कालवून मिळेल, असं घरात ठरलंय.

शेजारचे आबा कुंपणापाशी उभे राहून हे सगळं बघतात. "काय करलालास रे? खाली प्लास्टिक, वर जाळी, प्यायला पावसाचं पाणी! धोंड्याचा जावाई हाय का ह्यो?"

त्यांचं खोटं नाही. त्यांच्या मुरमाड बांधावर सीताफळ कुणी न विचारता वाढतं. पण जावयाच्या दिमतीला आमचंही एक माणूस आलं. ब्लूबेरीचं फूल उलट्या घंटीसारखं, आणि पराग बारीक नळ्यांच्या टोकाच्या छिद्रांतून सुटणारा. तो झाडायला फूल थरथरवावं लागतं. मधमाशीला ते जमत नाही. घराच्या वाशांना भोकं पाडतो म्हणून शिव्या खाणारा काळा भुंगा मात्र फुलाला लटकतो, पंख मिटतो आणि अंगानेच गुणगुणतो. वांग्याच्या फुलावर तो हेच करतो. परदेशी फुलासाठी त्याला वेगळी शिकवणी लागली नाही.

वाण बिलॉक्सी. त्याला थंडी थोडकी पुरते, म्हणून पेरूच्या किनाऱ्यावरच्या वाळवंटातही तो फळतो. आमच्याकडे मूठभर फळं आली. निम्मी बुलबुलांनी नेली. एक आबांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते तोंडात घोळवलं, बराच वेळ जिभेने काही शोधत राहिले.

"ह्येला बी न्हाई व्हय? असतं तर बांधावर टाकलं असतं की."