विलंबमाफीचा अर्ज

गेल्या विजयादशमीस देवघराशेजारच्या फडताळातून आम्ही आपले जुने चाळ बाहेर काढले. चोवीस वर्षे ते तेथे पडून होते. पितळ काळवंडले होते, चामड्याच्या पट्ट्या वाळून ताठ झाल्या होत्या. विसाव्या वर्षी नृत्य सोडले तेव्हा कायद्याची परीक्षा एवढेच कारण होते. पुढे सनद आली, संसार आला, दोन मुले झाली, आणि कोणी विचारले की आम्ही सुस्कारा टाकून म्हणत असू, "मुलांच्या पायी राहून गेले."

आमच्या बडोद्यातील मराठी घरांना भरतनाट्यम परके नाही. १८८० साली सयाजीराव महाराजांचा विवाह तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी, म्हणजे पहिल्या चिमणाबाईंशी झाला. त्या नात्याने तंजावरचे नर्तक-वादक येथील दरबारी आले आणि येथेच रुजले. तेव्हा शिकावयास दूर जाणे नव्हते. उंबरठा ओलांडण्याचाच काय तो प्रश्न होता.

वर्गातील बाई आमच्याहून पंधरा वर्षांनी लहान. गुरू म्हणून आम्ही त्यांस 'बाई' म्हणतो. त्या आम्हांस 'ताई' म्हणतात. पहिल्या दिवशी त्यांच्यापुढे उभ्या राहताच आमच्यातील वकील बोलू लागला. मुदत उलटल्यावर अपील करावयाचे तर विलंबमाफीचा अर्ज द्यावा लागतो, आणि उशिरास पुरेसे कारण दाखवावे लागते. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याचे ५ वे कलम तेच सांगते. आम्ही आमची कारणे क्रमवार मांडली. बाईंनी ती शांतपणे ऐकून घेतली व म्हणाल्या, "ताई, अरमंडीत बसा."

टाचा जोडून, गुडघे बाजूंस उघडून, पाठ ताठ ठेवून अर्धे बसावयाचे, इतकेच. काठीचे सोळा ठोके पुरे होण्याआधीच आमच्या मांड्या थरथरू लागल्या. शेजारी आठ-नऊ वर्षांच्या मुली खुशाल बसल्या होत्या.

त्या रात्री आम्ही गुडघ्यांना तेल चोळीत होतो. पंधरा वर्षांची थोरली लेक जवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आई, आम्ही झालो नसतो, तर तू नाचत राहिली असतीस ना?" तिच्या स्वरात रुसवा नव्हता, भीती होती.

आम्ही मनाशी हिशेब केला. नृत्य सुटल्यावर नऊ वर्षांनी ती जन्मली. त्या नऊ वर्षांत कोणीही आमच्या आड आले नव्हते; आम्हीच गेलो नव्हतो. स्वतःचे कर्ज आम्ही लेकीच्या नावे मांडले होते, आणि ती ते निमूटपणे वागवीत होती. आम्ही तिला तसे स्पष्ट सांगितले. ती काही बोलली नाही. तेलाची वाटी मात्र तिने आपल्याकडे ओढून घेतली.

१९७५ साली मद्रास येथील भाषणात बालसरस्वतींनी भरतनाट्यमच्या प्रयोगास देवालयाची उपमा दिली होती : अलारिपू हे गोपूर, पदम म्हणजे गाभाऱ्यातील शांती. आम्ही अद्याप पहिल्या अडवूंतच आहो. म्हणजे गोपुराबाहेर, पादत्राणे उतरविण्याच्या जागी. देवदर्शनास निघालेल्याला तेथे थांबावेच लागते. त्याची आम्हांस आता लाज वाटत नाही.

बाईंची आज्ञा झाल्याखेरीज चाळ बांधावयाचे नाहीत. ते फडताळातच आहेत. पण परवा पाहतो तो पितळ चिंचेने घासून लख्ख केलेले, आणि चामड्याच्या पट्ट्या नव्या. लेकीने मोच्याकडून परस्पर करवून आणल्या होत्या.