खिशात मावणारं हत्यार

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. राजकारण थोडं आहे, पण कुठल्याच पक्षाचं नाही.

परवा भाचा आला होता. वय २६, प्लॉटिंगचा धंदा, नवी पांढरी गाडी. चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलला आणि मग हळूच म्हणाला, "मामा, लायसनचा अर्ज टाकलाय. खिशात मावंल असं कुठलं घिऊ? तुमच्याकडं हाय म्हणून इचारतो."

मी त्याला त्या वेळी धड उत्तर दिलं नाही. जेवून जा म्हटलं. रात्री झोप लागेना. म्हणून हे लिहितोय. त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या तालुक्यातल्या बाकीच्या पोरांसाठी.

माझ्याकडे परवान्याचं रिव्हॉल्वर आहे हे जवळच्या लोकांना माहीत आहे. कशासाठी घेतलं हे फार कुणाला सांगितलं नाही. आमचा गलाई धंदा. खानापूर, आटपाडी भागातली निम्मी घरं या धंद्यावर उभी आहेत. केरळपासून पंजाबपर्यंत जिथे सराफ बाजार, तिथे आपला माणूस भट्टी लावून बसलेला असतो. आमच्या धंद्यात सोन्याचांदीची ने-आण आली, आणि ने-आण म्हटली की रात्रीचा प्रवास आला.

२०१९ च्या सुरुवातीला रात्री साडेअकराच्या सुमारास स्टेशनवरून घरी येताना दोन मोटारसायकली आडव्या लागल्या. मी ब्रेक दाबला. काच अर्धी खाली होती. कोयता आत आला आणि मानेला टेकला. कोयत्याचं पातं गार असतं, ते मला त्या रात्री कळलं. बॅग गेली. मी वाचलो. नंतर चार-पाच महिने मागून मोटारसायकलचा आवाज आला की माझे हात स्टेअरिंगवर ओले व्हायचे.

त्या वर्षअखेरीला अर्ज टाकला. जिल्हाधिकारी कार्यालय, मग पोलीस अहवाल, चारित्र्य पडताळणी, धंद्याची कागदपत्रं, वैद्यकीय दाखला. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखलाही लागतो. मध्ये कोरोना आला. २०२१ च्या जानेवारीत परवाना हातात पडला, पाच वर्षांचा. आधी तीन वर्षांचा असायचा, २०१९ च्या दुरुस्तीने पाच झाला. त्याच दुरुस्तीने एका परवान्यावर तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात असंही ठरलं.

आता मूळ प्रश्न. कुठलं घ्यावं?

भावा, आधी एक समजून घे. यूट्यूबवर अमेरिकेतले लोक खिशातून जी इवलीशी पिस्तुलं काढून दाखवतात ती आपल्याला मिळत नाहीत. ९ मिलिमीटर आपल्याकडे प्रतिबंधित बोअर आहे, सामान्य माणसाला परवाना नाही. परदेशातून आणायची वाट १९८० च्या दशकातच बंद झाली. म्हणून तर आजोबांच्या काळातलं विलायती रिव्हॉल्वर लाखांनी विकलं जातं. आपल्या वाट्याला राहतं ते .३२ आणि .२२.

मी दुकानात गेलो तेव्हा चार प्रकार समोर होते. पहिलं सरकारी कारखान्याचं .३२ चं नेहमीचं रिव्हॉल्वर, तीन इंची नळी, साधारण ७०० ग्रॅम. दुसरं 'अशनी', .३२ चं पिस्तूल, चपटं, खिशात कमी फुगतं. तिसरं 'निर्भीक', कानपूरच्या कारखान्याने २०१४ मध्ये काढलेलं, दिल्लीच्या निर्भयाच्या नावावरून नाव दिलेलं, सहा गोळ्या, ५०० ग्रॅम. बाजारात आलं तेव्हा किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. ज्या मुलींसाठी म्हणून जाहिरात झाली त्यातल्या किती जणींना ते परवडणार, हा सवाल तेव्हाही विचारला गेला होता. चौथं 'निडर', .२२ चं, ईशापूरच्या कारखान्याचं, फक्त २५० ग्रॅम. पाव किलो साखरेच्या पुडीएवढं.

खिशात टाकून बघितली सगळी. दुकानदार जुना माणूस होता. म्हणाला, "साहेब, हलकं घ्याल तेवढं खिशात बरं आणि हातात वाईट." अर्थ नंतर कळला. हत्यार हलकं आणि नळी आखूड असली की झटका जास्त बसतो आणि नेम धरायला जागा कमी राहते. सराव असलेल्या माणसालाही लहान हत्यार चालवायला अवघड. सराव नसलेल्याला तर विचारूच नका. मी 'निर्भीक' घेतलं. मधला मार्ग म्हणून.

मग खिशाचे नियम शिकलो. ज्या खिशात हत्यार, त्या खिशात दुसरं काहीही नको. किल्ली नाही, सुटे पैसे नाहीत, रुमाल नाही. चाप पूर्ण झाकणारं होल्स्टर हवंच, नुसतं खिशात टाकणं म्हणजे स्वतःच्या मांडीवर नेम धरून फिरणं. रिव्हॉल्वरचा घोडा कापडात अडकतो. घामाने गंज चढतो, खिशातला कचरा आत जातो, दर आठवड्याला साफ करावं लागतं. शिंप्याकडून सगळ्या पँटींचा उजवा खिसा जाड कापडाचा, डबल शिवून घेतला. त्याने का ते विचारलं नाही. शिंप्याला सगळं कळतं.

हे नियम उगाच नाहीत. १ ऑक्टोबर २०२४ ला पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्वरची गोळी घुसली. बाहेरगावी निघायची तयारी चालली होती, हत्यार हातातून निसटलं आणि गोळी सुटली, असं सांगण्यात आलं. लोकांनी मीम केले. मला हसू आलं नाही. कित्येक जुन्या रिव्हॉल्वरमध्ये घोड्यावर आपटलं तर गोळी सुटू नये अशी सोयच नसते. म्हणून जुनी माणसं घोड्याखालचं घर रिकामं ठेवायची, सहाच्या जागी पाच भरायची. ज्याच्या घरात असं आजोबांचं हत्यार आहे त्याने एवढं तरी ध्यानात ठेवावं.

आता पाच वर्षं ते खिशात ठेवून काय झालं ते सांगतो.

पहिली गोष्ट, ते घेऊन कुठे जाताच येत नाही. बँकेत नाही, कोर्टात नाही, मॉलमध्ये नाही, मोठ्या देवळात नाही. मग काय करायचं? गाडीच्या डिकीत ठेवायचं? तिथून चोरीला गेलं आणि उद्या त्याने कुणाचा मुडदा पडला, तर पहिलं नाव माझं. शेवटी मी बँकेत जाणंच कमी केलं. ज्या कामासाठी हत्यार, तीच कामं हत्यारामुळे टाळायला लागलो.

दुसरी गोष्ट, माझा परवाना महाराष्ट्रापुरता. आमचं दुकान दक्षिणेत, खरी जोखीम त्या प्रवासात. राज्याची हद्द ओलांडली की तेच हत्यार गुन्हा होतं. म्हणजे जिथे भीती, तिथे ते घरी कपाटात. आणि जिथे ते खिशात, तिथे मी कटिंग करायला नाहीतर दूध आणायला चाललेलो.

तिसरी गोष्ट, ही भाच्याने नीट वाचावी. एका रविवारी शेतात गाडी उभी केली. सगळ्या गोळ्या काढल्या, दोनदा तपासलं, तिसऱ्यांदा बायकोला दाखवलं. मग ड्रायव्हर सीटवर पट्टा लावून बसलो आणि कोयता मानेला आहे असं समजून खिशातून हत्यार काढायचा प्रयत्न केला. बसल्यावर पँट मांडीला ताणली जाते. हात आत जातो, मूठ करून बाहेर येत नाही. वरून पट्टा. पार्श्वभाग उचलून, वाकडं होऊन, कसंबसं काढलं. सात-आठ वेळा केलं. एकदाही पाच सेकंदांच्या आत निघालं नाही. त्या रात्री कोयता आत यायला एक सेकंदही लागला नव्हता.

म्हणजे ज्या प्रसंगासाठी मी लाखभर रुपये आणि वर्षभराचे हेलपाटे घातले, त्या प्रसंगात ते खिशातच राहिलं असतं. किंवा अर्धवट निघालं असतं, आणि मग कोयता नुसता टेकून थांबला नसता.

चौथी गोष्ट सांगायला जड जातेय. मागच्या वर्षी बाजाराच्या दिवशी एका पोराची मोटारसायकल माझ्या गाडीला घासली. मी खाली उतरलो, बोलाचाली झाली. पोरगा विशीतला, थोडी लावलेली. त्याने माझी कॉलर धरली. आणि माझा उजवा हात आपोआप खिशावर गेला. मी ठरवलं नव्हतं. हात गेला. गाडीत बायको बसली होती, तिने ते पाहिलं. लोकांनी सोडवलं, पोरगा निघून गेला. घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. रात्री फक्त म्हणाली, "अहो, त्याच्या हातात काही नव्हतं."

कायदा मी वाचलाय. पूर्वी भारतीय दंड संहितेत होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४. स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण गरजेपेक्षा जास्त इजा करायचा नाही. कॉलर धरणाऱ्याला गोळी घातली तर तो बचाव नाही, खून आहे. पळणाऱ्या चोराच्या पाठीत घातली तरी बचाव सिद्ध करता करता आयुष्य जाईल. हे सगळं मला पाठ होतं. हाताला पाठ नव्हतं.

आता थोडं सार्वजनिक. फेब्रुवारी २०२४ आठवा. उल्हासनगरच्या पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या केबिनमध्ये गोळीबार झाला आणि एका आमदाराला अटक झाली. आठवडाही उलटला नव्हता तेवढ्यात मुंबईत एका माजी नगरसेवकाला फेसबुक लाइव्ह संपता संपता गोळ्या घातल्या. पोलिसांनी सांगितलं, पिस्तूल मारणाऱ्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचं होतं. म्हणजे परवाना एकाचा आणि बोट दुसऱ्याचं. तेव्हा चार दिवस चर्चा झाली, मग आपण विसरलो. आज आपल्याच भागात वाढदिवसाचा केक तलवारीने कापायचा, कमरेला हत्यार लावून रील काढायची आणि खाली 'भाई' लिहायचं, याला कुणी हरकत घेत नाही. नेत्याच्या मागे हत्यारवाला उभा असला की नेता मोठा वाटतो. परवाना हा जिवाच्या भीतीचा कागद आहे. आपण त्याचा रुबाबाचा बिल्ला केला. नियम सांगतो, हँडगन होल्स्टरमध्ये, झाकलेली आणि ताब्यात हवी. चारचौघांत मिरवायची नाही. लग्नात हवेत गोळी झाडली तर २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे रील काढणाऱ्या किती पोरांना माहीत आहे?

ज्यांना खरंच धोका आहे त्यांनी परवाना घेऊ नये असं मी म्हणत नाही. लांब वस्तीवर एकटं राहणारं कुटुंब, रोकड सांभाळणारा माणूस, ज्याला धमक्या आल्या आहेत तो. त्यांची भीती मी चेष्टेवारी नेणार नाही, मी ती भोगली आहे. पण मला पुढे ज्याने खरा फरक पडला ते खिशातलं हत्यार नव्हतं. रात्रीची ने-आण बंद केली. मालाचा विमा काढला. एकट्याने जायचं नाही असं ठरवलं. वाट आणि वेळ बदलती ठेवली. काच पूर्ण वर. या गोष्टी कुणाला दाखवता येत नाहीत, म्हणून त्यांचं कुणाला कौतुक नाही.

सध्या नगरपालिकेच्या आचारसंहितेमुळे माझं रिव्हॉल्वर ठाण्यात जमा आहे, पावती पाकिटात आहे. पहिले आठ दिवस खिसा मोकळा म्हणून चुकल्यासारखं वाटलं. मग लक्षात आलं, बाजारात गर्दीत मी लोकांकडे पाहून हसतोय. आधी मी उजवी बाजू भिंतीकडे करून चालायचो, कुणाचा धक्का लागू नये म्हणून. पाच वर्षं असा चाललो आणि मला ते कळलंही नव्हतं. घरी कळलं होतं.

जानेवारीत परवान्याची मुदत संपते. नूतनीकरणाचा अर्ज भरलाय. खोटं कशाला सांगू, अजून पूर्ण सोडवत नाही. मोटारसायकलचा आवाज अजून ऐकू येतो. पण ठाण्यातून परत आणल्यावर ते दुकानाच्या तिजोरीत राहील, भट्टीवर माल असेल त्या रात्रीपुरतं. खिशात नाही.

तर भाच्या, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. खिशात मावेल असं घ्यायचं तर मॉडेल मी सांगितली आहेत, दुकानात जाऊन हातात धरून बघ. पण त्याआधी एका रविवारी शेतावर ये. तुझ्या पांढऱ्या गाडीत तुला पट्टा लावून बसवतो, खिशात लाकडाचा तुकडा देतो, आणि मी काचेपाशी नुसती काठी घेऊन उभा राहतो. तुझा तुकडा आधी निघाला, तर तुझ्या अर्जासाठी मी स्वतः तुझ्याबरोबर कलेक्टर ऑफिसला येईन.

बाकी मंडळींना विनंती. पटलं नसेल तर बिनधास्त लिहा, फक्त शिव्या नकोत. आणि घरात कुणाकडे परवान्याचं हत्यार असेल, तर आज रात्री ते कुठे ठेवलंय तेवढं एकदा बघा. पँटीसकट खुंटीवर असेल तर आधी ते उतरवा, मग जेवायला बसा.