साहेबाचा पंक्तिप्रपंच

पुणे

चि. रेवा हिस अनेक आशीर्वाद.

लीड्सच्या बॉसबाईंनी तुझ्या अहवालाला ‘क्युरेट्स एग’ म्हटलं, कोशात ‘काही चांगलं, काही वाईट’ असा अर्थ मिळाला आणि तू निश्चिंत झालीस. इतक्यात होऊ नकोस.

‘पंच’ साप्ताहिकाच्या ९ नोव्हेंबर १८९५ च्या अंकात जॉर्ज द्यू मोरिएचं एक व्यंगचित्र आलं. बिशपच्या घरी न्याहारी चाललीय. पाहुणा क्युरेट, म्हणजे चर्चच्या उतरंडीत पार तळाचा पाद्री. त्याच्या वाट्याला नासकं अंडं आलंय हे यजमानाच्याच ध्यानात येतं, तो तसं म्हणतोही. त्यावर हा बिचारा घाईघाईने सांगतो की छे छे, यातला काही भाग तर उत्तम आहे! अगं, नासलेलं अंडं सगळंच नासतं. पण ज्याच्या हाती आपली बढती, त्याच्या टेबलावर खरं बोलायची चोरी. विनोद तिथे आहे. चित्राचं नावही ‘खरी नम्रता’. पुढे वापरून वापरून धार गेली आणि आज बहुतेक लोक कोशातल्याच अर्थाने ते म्हणतात. बाई तरुण असतील तर तो अर्थ धर. जुन्या वळणाच्या असतील तर अहवाल पुन्हा वाच.

मला तर इंग्रजीतल्या खाण्यापिण्याच्या वाक्प्रचारांत पदार्थापेक्षा पंगतच जास्त दिसते. मध्ययुगात सरदारांच्या जेवणघरात मोठी मीठदाणी मध्ये ठेवत. तिच्या वरच्या बाजूला मानकरी, खाली बाकीचे. ‘बिलो द सॉल्ट’ तिथलं. शुद्ध पंक्तिप्रपंच!

‘हंबल पाय खाणं’ म्हणजे नाक मुठीत धरून चूक कबूल करणं. (हा पाय खाण्याचा, धरण्याचा आपल्याकडे.) हरणाचं मांस धन्याला आणि काळीज-आतडी, म्हणजे ‘अंबल्स’, घालून केलेला पाय नोकरांना, असं सांगतात. ऐकायला छान. पण सॅम्युएल पीप्स आरमाराच्या कचेरीतला बडा अधिकारी, आणि त्याने १६६३ च्या रोजनिशीत भट्टीतून गरमागरम आलेल्या अंबल पायची तोंडभरून तारीफ केलीय. त्यात त्याला काही कमीपणा वाटलेला दिसत नाही. वाक्प्रचार एकोणिसाव्या शतकातला, पाय त्याहून कितीतरी जुना. मला विचारशील तर कमीपणा चिकटला तो ‘हंबल’शी उच्चार जुळला म्हणून.

‘अपर क्रस्ट’बद्दलही अशीच गोष्ट ऐकशील: पावाचा वरचा खरपूस भाग मालकाला, करपलेला तळ नोकराला. मान डोलाव आणि सोडून दे. उच्चभ्रू लोक या अर्थाने तो शब्द एकोणिसाव्या शतकात रुळला; तोवर ती मध्ययुगीन पंगत केव्हाच उठली होती.

‘बिग चीज’ मात्र तुला आवडेल. बडी असामी, असा अर्थ. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात अस्सल, अव्वल वस्तूला ‘चीज’ म्हणायची इंग्रजी लकब नोंदवलीय आणि तिचं मूळ बहुधा फारसी-हिंदुस्तानी ‘चीज’ असल्याचं म्हटलंय. ‘क्या चीज है’मधली चीज! तिला पुढे अमेरिकेत ‘बिग’ लागलं. दुधादह्याशी तिचा संबंध नाही. ऑफिसात चहाच्या वेळी सांगायला बरं आहे, पण बढतीचं पत्र हातात पडल्यावर सांग.

काकांचे आशीर्वाद.

तुझी,
मावशी