पाणी वर कसं चढेल, बाई?

एम.एड.च्या लघुशोधप्रबंधासाठी मी विषय घेतला होता सातवीच्या मुलांच्या नकाशावाचनाचा. आराखडा ठरलेलाच असतो: पूर्वचाचणी, अध्यापन, उत्तरचाचणी आणि शेवटी टी-मूल्य. मी पवईतल्या पालिकेच्या मराठी शाळेत शिकवत होते, त्यामुळे नमुना शोधायला लांब जावं लागलं नाही. प्रबंध मंजूर झाला, पुठ्ठा-बांधणी होऊन ग्रंथालयात गेला. त्या कोष्टकांत न मावलेलं बरंच काही मात्र माझ्या टाचणवहीच्या मागच्या पानांवर राहिलं. खरं संशोधन तेच होतं, असं मला अजूनही वाटतं.

वर्गातली मुलं फिल्टरपाडा, मोरारजीनगर, फुलेनगर इथून यायची. कुणाचे आईवडील जालन्याचे, कुणाचे बीडचे, काही सातारा-रत्नागिरीकडचे. पूर्वचाचणीतला पहिला प्रश्न अगदी सोपा ठेवला होता: तू कोणत्या जिल्ह्यात राहतोस? अपेक्षित उत्तर मुंबई उपनगर. पवई कुर्ला तालुक्यात येते आणि १ ऑक्टोबर १९९० पासून उपनगर हा वेगळा जिल्हा आहे. पण वह्यांमध्ये जालना, बीड, सातारा अशी उत्तरं होती. एका मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, “इथं आम्ही नुसते राहायला आहोत बाई. जिल्हा जालनाच की.”

गुण द्यायचा की नाही, यावर बराच वेळ अडले. ज्याँ पियाजे आणि ॲन-मारी वेल यांनी १९५१ मध्ये जिनिव्हातल्या मुलांशी बोलून एक निबंध लिहिला होता. एकच माणूस जिनिव्हाचाही असू शकतो आणि स्वित्झर्लंडचाही, हे लहान मुलांना पटत नव्हतं. शहर देशाच्या पोटात असतं ही कल्पना वयाबरोबर हळूहळू येते, असा त्यांचा निष्कर्ष. आमच्या मुलांची गोष्ट निराळी होती. ती बारा-तेरा वर्षांची होती, तालुका जिल्ह्याच्या पोटात असतो हे त्यांना पक्कं माहीत होतं. पण दर मे महिन्यात गाठोडी बांधून ती ज्या गावी जात, तोच त्यांचा जिल्हा होता. जिनिव्हाचं अनुमान पवईला जसंच्या तसं लावता आलं नसतं. (टी-मूल्यासाठी मी शून्यच दिला. नियम नियम असतो.)

पुढची गंमत दिशांची. विहार तलाव आपल्या शाळेपासून कोणत्या दिशेला? बहुतेकांनी लिहिलं, “वर”. तोंडी विचारलं तर म्हणाली, वर म्हणजे उत्तर. मिठी नदी कुठे जाते? “खाली, म्हणजे दक्षिणेला.” ही उत्तरं चुकीची म्हणता येत नव्हती. विहार खरंच उत्तरेकडे आहे आणि पवईपेक्षा उंचावरही आहे. विहार आणि पवई या दोन्ही तलावांचं ओसंडणारं पाणी मिठीतून मरोळ, साकीनाका, विमानतळ, कुर्ला असं उतरत माहीमच्या खाडीला मिळतं, म्हणजे साधारण दक्षिणेकडेच. भिंतीवर टांगलेल्या नकाशाने मुलांच्या डोक्यात उत्तर म्हणजे वर हे ठसवलं होतं आणि पवईचा उतारही नेमका त्याच समजुतीला दुजोरा देत होता. माझी चाचणी तिथे लंगडी पडली. सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण आणि समजूत मात्र उलटी!

मग फळ्यावर आफ्रिकेचा नकाशा लावला आणि सांगितलं, नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. वर्गात कुजबुज. मागच्या बाकावरचा एकजण उठून म्हणाला, “पाणी वर कसं चढेल, बाई?” मी भूगोल शिकवायला लागल्यापासून ऐकलेला हा सगळ्यात चांगला प्रश्न.

त्यानंतर भिंतीवरचा नकाशा मी खाली घेतला. मैदानात काठी रोवून सावलीवरून उत्तर काढली आणि नकाशा जमिनीवर त्या दिशेने अंथरला. मुलं त्याभोवती बसली, काही मागून पाहू लागली, काही बाजूने. नकाशाला वर-खाली नसतं, हे मी शब्दांत सांगितलंच नाही. तरी दोन-तीन तासिकांतच ‘वर’ हा शब्द उत्तरांतून गळू लागला.

उंचीसाठी वेगळं काही हवं होतं. सातवीच्या पुस्तकात समोच्च रेषांचा पाठ आहे. तो शिकवताना मुलं रेषा मोजतात, अंतर लिहितात, उत्तर बरोबर येतं आणि डोंगर काही दिसत नाही. आम्ही शाडूचा डोंगर केला आणि पसरट टबात ठेवला. बोटभर पाणी ओतलं की काठाने खिळ्याने रेघ ओढायची, मग पुन्हा बोटभर. पाणी काढून वरून पाहिलं तेव्हा रेघा एकीकडे दाटल्या होत्या, दुसरीकडे पसरल्या होत्या. एका मुलाने दाटलेल्या बाजूला बोट ठेवलं: “इथं आमची खोली.” डोंगरउतारावरच्या वस्तीत पावसाळ्यात रात्र जागून काढलेल्या घरातला तो मुलगा होता. पुढे १८ जुलै २०२१ च्या पहाटे विक्रोळीच्या सूर्यनगरात दरड कोसळून माणसं गेली, तेव्हा मला ते बोट आठवलं.

पवई तलावाबद्दल तर मुलांनाच माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मगर कुठे ऊन खात पडते, सांडव्यावरून पाणी आलं की कोणती गल्ली आधी भिजते, गळ टाकायला कुठे बसायचं. त्यांना माहीत नव्हतं ते हे की हा तलाव मुळात नव्हताच. शहराला पाणी कमी पडू लागलं म्हणून १८९० च्या सुमारास ओढ्यावर बंधारा घालून तो बांधला, आणि इतकी खटपट करून पाणी काही पिण्याजोगं निघालं नाही. पूर्ण भरला की त्यात सुमारे ५४५ कोटी लिटर पाणी मावतं. ते आजही पिण्यासाठी नव्हे, तर आरे वसाहतीला आणि कारखान्यांना दिलं जातं. “मग आमच्या नळाला कुठलं येतं?” या प्रश्नाने भातसा, वैतरणा, तानसा हे सगळे धडे एका दमात उघडले.

एकदा तलावाचं उपग्रहचित्र मोठं छापून नेलं. १९५८ साली सुरू झालेली आयआयटी त्याच तलावाच्या काठावर आहे आणि तिथे उपग्रहचित्रांवर संशोधन करणारा विभागही आहे, हे ऐकून मुलं चकित झाली. चित्रात तलावाचा मोठा भाग हिरवागार होता. मुलं म्हणाली, हे मैदान, ही बाग. ती जलपर्णी होती. सांडपाणी मिसळलं की ती फोफावते. रोज बसमधून दिसणारी गोष्ट आकाशातून पाहिली की बाग वाटते, हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नसतं.

आता पर्यावरण शिक्षणाकडे वळते, कारण त्याची दशा मला जास्त बोचते. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी हा विषय शाळांत सक्तीचा करायला सांगितला. पुण्याच्या भारती विद्यापीठातल्या पर्यावरण शिक्षण संस्थेने देशभरातली पाठ्यपुस्तकं तपासून पर्यावरणाच्या संकल्पना त्यांत किती उतरल्या आणि वर्गात कशा शिकवल्या जातात, याचा अभ्यास केला. काम मोलाचं. पण शाळेत हा विषय पोचतो तो प्रकल्पवहीच्या रूपाने. स्टेशनरीच्या दुकानात तयार प्रकल्प मिळतात. मुलं ते उतरवून काढतात, मुखपृष्ठावर पृथ्वीला हात जोडलेले चिकटवतात, आम्ही सही करतो. पवईच्या मुलाने गंगेच्या प्रदूषणावर दहा पानं लिहिली होती. त्याच्या खिडकीतून मिठी दिसत होती.

दहावीचा भूगोल तर चाळीस गुणांचा. २०१८ पासूनच्या पुस्तकात भारत आणि ब्राझील यांची तुलना आहे आणि पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा, नळदुर्ग ते अलिबाग. पुस्तक चांगलं आहे. मात्र क्षेत्रभेट कागदावरच वाचायची आणि त्यावर प्रश्न सोडवायचे, हा प्रकार मला पटत नाही. मार्च २०२० च्या परीक्षेत टाळेबंदीमुळे दहावीचा भूगोलाचा लेखी पेपर रद्द झाला. सरासरीने गुण दिले गेले.

भूगोलाच्या शिक्षकांना एवढंच सांगेन: पहिला मोठा पाऊस पडला की शाळेच्या छपरावरचं पाणी शेवटी कुठे जातं, हे मुलांना विचारा. उत्तरं दुरुस्त करायची घाई करू नका, आधी तारखेसह जशीच्या तशी लिहून ठेवा. मराठी शाळांतली मुलं भूगोलाचा विचार कसा करतात, याच्या माझ्या हाती लागलेल्या नोंदी फार थोड्या आहेत. तुमची वही त्यात भर घालेल.