वेताळ, साबू आणि सोयाबीन

१
सरकारी कागदावर आमच्या गावाचं नाव कंसासकट लिहितात: आंजी (मोठी). वर्ध्याहून आर्वीकडे जाताना लागतं. माझा मित्र साबू, त्याचं म्हणणं, प्रत्येक सुपरहिरोला दोन नावं असतात, एक कंसातलं.

२
मित्रांची खरी नावं रेशनकार्डावर. आमच्यात चालतात कॉमिक्समधली: साबू (उंची), ध्रुव (वडिलांची राजदूत) आणि डोगा (बारावीत डंबेल्स आणले होते). मला चाचा चौधरी म्हणावं अशी माझी फार इच्छा होती. नाव पडलं रॉकेट. रॉकेट हा चाचाचा कुत्रा.

३
2025 च्या दिवाळीला चौघंही गावात. साबू तर गावातच असतो, त्यामुळे सुट्टी फक्त तिघांना. त्याचं सोयाबीन अजून पडून आहे.

४
माळ्यावरची ट्रंक खाली काढली. वर उंदरांच्या लेंड्या, खाली 'चांदोबा', त्याखाली इंद्रजाल कॉमिक्स, तळाला राज कॉमिक्स. भूगर्भशास्त्राच्या नियमाप्रमाणे सगळ्यात जुनं तळाला हवं. पण ट्रंक आईने भरली होती.

५
एकाच ट्रंकेत दोन वेताळ.

एक 'चांदोबा'तला. स्मशान, हातात तलवार, खांद्यावर प्रेत, आणि ते प्रेत बोलतंय. हे चित्र शंकर या चित्रकाराचं. ते 2020 मध्ये वारले, वयाच्या 97व्या वर्षी. मूळ वेताळाच्या गोष्टी पंचवीस. 'चांदोबा'ने त्या पंचवीसवर थांबवल्याच नाहीत, वर्षानुवर्षं नव्या रचून घातल्या. सुरुवात तीच, शेवट तोच, मधली गोष्ट नवी. आज याला फ्रँचायझी म्हणतात आणि त्यासाठी वेगळी माणसं पगारावर ठेवतात.

दुसरा ली फॉकचा फँटम. इंद्रजालने 1964 साली त्याच्यापासूनच सुरुवात केली आणि मराठीत त्याला वेताळ केलं. हा कवटीच्या गुहेत राहतो, भर जंगलात अंगाला घट्ट चिकटलेले कपडे घालतो, आणि ठोसा मारला की समोरच्याच्या जबड्यावर कवटीचा छाप उठतो. मूळ गोष्टीत त्याच्या देशाचं नाव बंगालच्या फार जवळ जात होतं, म्हणून इथे त्याचं डेंकाली केलं.

पहिल्याला विक्रमाने उचलून न्यायचं असतं. दुसऱ्याला उचलायची कुणाची छाती नाही. लहानपणी आम्हाला यात काहीच विसंगत वाटलं नाही. एकाच आडनावाची दोन घरं गावात असतातच.

६
21 ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन. त्याच दिवशी 'थामा' लागला. त्यातही वेताळच, 'बेताल' म्हणून. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार. 2017 मध्ये 'फास्टर फेणे' त्यांनीच आणला होता, आणि 2024 मध्ये 'मुंज्या'. नानासाहेब सरपोतदारांपासून घरात सिनेमा. म्हणजे पुण्याच्या मूकपटांपासून निघून गाडी रक्तपिपासूंपर्यंत आली.

बघून बाहेर पडल्यावर साबू म्हणाला, "याच्यात कोणी कोणाच्या खांद्यावर बसलंच नाही बे. प्रश्न पण नाही विचारला. कायचा वेताळ?"

ध्रुव म्हणाला, "रश्मिका होती नं."

चर्चा तिथेच संपली.

७
2025-26 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये होता. मक्याचा 2,400, म्हणजे किलोला 24. मध्यंतरात साबू पॉपकॉर्नच्या काउंटरवरचा दरफलक दोनदा वाचून आला.

८
1936:
5 फेब्रुवारी, चॅप्लिनचा 'मॉडर्न टाइम्स' न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शित.
17 फेब्रुवारी, फँटम अमेरिकी वर्तमानपत्रात पहिल्यांदा छापून आला.
30 एप्रिल, गांधीजी वर्ध्याहून शेगावला राहायला गेले. त्याचं पुढे सेवाग्राम झालं.
त्याच वर्षी वर्ध्यात राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली.

९
राष्ट्रभाषा प्रचार समिती आमच्या जिल्ह्यात, पण आम्हाला हिंदी शिकवलं राज कॉमिक्सच्या नागराजने. ते शिकवणं फार चांगलं होतं असं नाही. परीक्षेच्या निबंधात डोगाने 'सर्वनाश' हा शब्द इतक्यांदा वापरला की गुरुजींनी त्याला विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना.

१०
गांधीजी आणि सिनेमा. 1931 मध्ये लंडनला चॅप्लिन त्यांना भेटायला आला, तेव्हा हा गृहस्थ कोण हे त्यांना आधी सांगावं लागलं. 1944 मध्ये जुहूला त्यांनी विजय भट्टांचा 'रामराज्य' पाहिला, तोही अर्धामुर्धा. कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपला असा एक मित्र हवाच.

११
'झपाटलेला' (1993) मधला तात्या विंचू, बाहुल्यात शिरण्याआधीचा हाडामांसाचा: दिलीप प्रभावळकर.
'लगे रहो मुन्ना भाई' (2006) मधले गांधीजी: दिलीप प्रभावळकर.
'बोक्या सातबंडे'चे लेखक: दिलीप प्रभावळकर.
सप्टेंबर 2025 मधला 'दशावतार': दिलीप प्रभावळकर.

गांधीजींसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तात्या विंचूसाठी नाही. आमच्या जिल्ह्यात हे बोलून दाखवणं बरं नव्हे, पण अंधारात एकट्याला आठवतो तो तात्या विंचूच.

१२
पुतण्याने अंगणात किल्ला केला. फेब्रुवारीत 'छावा' पाहिल्यापासून त्याच्या डोक्यात होतं. माती, पोतं, अळीव, सगळं रीतसर. मावळे कमी पडले म्हणून तटावर एक स्पायडरमॅन उभा केलाय. "तो चढू शकतो," हे कारण. मी बुरुजावर नागराज ठेव म्हणालो. त्याने विचारलं, कोण?

१३
दोन नागराज. एकाच्या मनगटातून साप निघतात. दुसऱ्याने 'सैराट' काढला आणि नागपूरच्या पोरांना घेऊन 'झुंड'. पुतण्याला दुसरा माहीत आहे.

१४
पहिला नागराज 1986 चा. कंपनी दिल्लीची, पण सुरुवातीचे अंक काढले पुण्याच्या प्रताप मुळीकांनी. अमर चित्र कथेत पुराणातले राजे आणि ऋषी काढणारा हाच हात. म्हणूनच नागराज उभा राहतो तो एखाद्या राजाने दरबारात उभं राहावं तसा, छाती पुढे, नजर लांब. पुढे भोकाल काढला तो दिलीप कदमांनी. लढाईच्या पानावर घोड्यांचे पाय नीट मोजून घ्यावेत इतकं पक्कं रेखाटन.

हिंदी कॉमिक्सचा इतिहास दिल्ली-मेरठच्या बाजूने सांगतात. त्यातल्या मराठी हातांवर कुणी जाडजूड पुस्तक केलं, तर मी ते रोख पैसे देऊन घेईन. आजवर कॉमिक्स आम्ही बहुतेक भाड्यानेच वाचली.

१५
भाड्याचे नियम: पान दुमडायचं नाही, जेवताना वाचायचं नाही, दुसऱ्याला द्यायचं नाही. आम्ही अंक साबूच्या नावावर आणायचो. तो धान्याच्या कोठीवर चढून मोठ्याने वाचायचा, बाकीचे खाली बसून ऐकायचे. चित्रं दिसायची नाहीत. 'धडाम' कुठल्या पानावर येतं हे मात्र अजून पाठ आहे.

१६
रविवारी दुपारी 'शक्तिमान'. वीज गेली की पुढचा भाग डोगा सांगायचा, कारण त्याच्या मामाच्या गावी म्हणे वीज असायची. कित्येक वर्षांनी ते भाग इंटरनेटवर मिळाले. डोगाचे चांगले होते.

१७
20 ऑक्टोबरला, भर दिवाळीत असरानी गेले. घरच्यांनी अंत्यसंस्कार उरकले आणि मग बातमी बाहेर आली. 'शोले'तला त्यांचा जेलर 1975 चा, म्हणजे आमच्यापैकी कुणीही जन्मायच्या आधीचा. तरी ती चाल चौघांनाही येते. लग्नात, मिरवणुकीत, शाळेच्या गॅदरिंगमध्ये आम्ही ती केलेली आहे. ग्रुपवर बातमी टाकल्यावर बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. मग ध्रुवने स्वतःचा नववीतल्या गॅदरिंगचा फोटो टाकला. खाकी टोपी, कोळशाची मिशी.

१८
25 ला, शनिवारी, सतीश शाह गेले. 'जाने भी दो यारो'त अर्धा सिनेमा प्रेत होऊन वावरले आणि जिवंत माणसांपेक्षा जास्त हशा घेतला.

१९
काकांच्या कपाटात जुन्या 'आवाज'चे दिवाळी अंक. खिडकीचित्रं. वरच्या पानावर काहीतरी भलतंच दिसतं, पान उलटलं की साधा गृहस्थ झाडाला पाणी घालताना निघतो. लहानपणी हे अंक आम्हाला मिळू नयेत अशी घरची व्यवस्था होती. सगळ्या खिडक्यांच्या कडा आमच्याच बोटांनी मळलेल्या आहेत.

२०
शि. द. फडणीस. जन्म 29 जुलै 1925. हास्यचित्राला शब्द लागत नाहीत हे त्यांनी आयुष्यभर दाखवलं. बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकात त्यांची चित्रं होती, म्हणजे महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीने पहिलं कॉमिक शाळेच्या दप्तरातून नेलं. त्या पिढीतल्या ध्रुवच्या थोरल्या भावाला गणितात किती पडले हे विचारू नये.

२१
दिवाळीतलं गायगोधन. गाईंची शिंगं रंगवलेली, गळ्यात झेंडूच्या माळा, ढाली नाचवत गोवारी पुढे. एका गाईच्या पाठीवर गेरूने कोळ्याचं जाळं काढलेलं. मालक सातवीत शिकतो.

२२
व्हीसीआरची रात्र. रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेट, भाडं वर्गणीतून. क्रम ठरलेला: आधी देवाचा, मग मारामारीचा, मग 'पोरं झोपल्यावरचा'. आम्ही झोपायचं नाही म्हणून एकमेकांना चिमटे काढायचो आणि दुसऱ्या सिनेमाच्या क्लायमॅक्सलाच झोपायचो. तिसरा सिनेमा कोणता होता, हा आमच्या बालपणातला न सुटलेला प्रश्न आहे. डोगा म्हणतो त्याने पाहिला. शक्तिमानचे भागही त्यानेच पाहिले होते.

२३
ध्रुवची नोकरी सध्या वडसा भागात. तिकडे भाऊबीज झाली की झाडीपट्टी नाटकांचा हंगाम सुरू. दिवसा मंडई, कुठे शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, रात्री नाटक. पहिली घंटा उशिरा, शेवटचा पडदा पहाटे. नाच, विनोद, सासू-सून, खलनायक, सगळं एका तिकिटात. होळीपर्यंत चालतं. शंकरपटाला 2023 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून पुन्हा रीतसर मोकळीक आहे.

डोगा म्हणाला, पुण्यात लोक सलग आठ भाग बघतात, त्याला बिंज म्हणतात. ध्रुव म्हणाला, आमच्याकडे म्हातारी माणसं बिंज करतात, थंडीत, सतरंजीवर.

झाडीपट्टी थिएटरवाल्यांना शिकवायला कुणी येऊ नये. शिकायला यावं.

२४
डोगाच्या मुलीने ट्रंकेतला 'चांदोबा' हातात घेतला. बोटाने चित्र मोठं करायला गेली. झालं नाही. मग डोळ्यांजवळ नेलं.

२५
दारूबंदी जिल्ह्यात डिसेंबरअखेरीचं नियोजन हा वेगळा साहित्यप्रकार आहे. या वहीत तो घेत नाही.

२६
डोगा पुण्याला गेला. बॅगेत चिवडा, चकल्या आणि गोरसपाकचे डबे. तो गेल्यावर ट्रंक बंद करताना नागराजचे अंक कमी वाटले. ग्रुपवर विचारलं. त्याने फणा काढलेल्या सापाचं चित्र पाठवलं, पुढे काही नाही.

२७
पुढचा सिनेमा: 19 डिसेंबर 2025 ला 'अवतार'चा तिसरा भाग. पहिला 2009 चा. तेव्हा थ्रीडीचा चष्मा परत द्यायचा असतो हे साबूला कुणी सांगितलं नव्हतं. पुढे तो चष्मा घालून त्याने फवारणी केली. तिसऱ्यासाठी नागपूरला जायचं ठरलं. साबूचं उत्तर आलं:

"कापूस वेचायले बाया भेटल्या तं येतो. नाही भेटल्या तं तुम्हीच या वेचायले. पॉपकॉर्न मी घरून आणतो."