'डिअर व्हाइट पीपल'चा शेवट आम्हाला का खुपला?

एखादी आवडती मालिका शेवटच्या सीझनमध्ये फसली की आमचे सवर्ण मित्र दोन दिवस हळहळतात आणि तिसऱ्या दिवशी दुसरी मालिका लावतात. त्यांना ते परवडतं. त्यांच्या घरांच्या, लग्नांच्या, कॉलेजांच्या, प्रेमभंगांच्या शेकडो गोष्टी पडद्यावर आहेत. एक बिघडली तर नव्व्याण्णव उरतात. आमच्या वाट्याला येणाऱ्या गोष्टी बोटांवर मोजण्याइतक्या. 'फॅन्ड्री', 'कोर्ट', 'मेड इन हेवन'मधलं ते एक बौद्ध लग्न, आणखी चार-दोन नावं. म्हणून एखाद्या शोषित समूहाची गोष्ट शेवटी ढासळते, तेव्हा ती दुसऱ्या देशातली असली तरी आम्हाला लागते. हा सगळा हिशेबाचा मामला आहे.

आम्ही बोलतोय 'डिअर व्हाइट पीपल' या अमेरिकन मालिकेबद्दल. नेटफ्लिक्सवर 2017 ते 2021 या काळात तिचे चार सीझन आले, प्रत्येकी दहा भागांचे. विंचेस्टर नावाचं एक काल्पनिक, प्रतिष्ठित, बहुसंख्य गोऱ्यांचं विद्यापीठ. त्यात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचं एक वसतिगृह. सॅमन्था व्हाइट ही विद्यार्थिनी कॅम्पसच्या रेडिओवरून 'प्रिय गोऱ्या लोकांनो' अशी सुरुवात करून रोज त्यांची हजेरी घेते. गोरे विद्यार्थी तोंडाला काळं फासून पार्टी करतात, तिथून गोष्ट पेट घेते. मालिका विनोदी आहे, पण त्या विनोदाला काटे आहेत. हसता हसता घशात काहीतरी अडकतं.

या मालिकेचा जन्मही लक्षात ठेवण्यासारखा आहे. जस्टिन सिमियन या तरुणाने 2012 मध्ये आधी एक छोटी झलक बनवली आणि इंटरनेटवरून लोकवर्गणी मागितली. लोकांनी पैसे दिले. त्यातून 2014 मध्ये सिनेमा आला आणि सिनेमातून मालिका. लोकवर्गणीवर जयंती, विहार, वाचनालय आणि मोर्चा उभा करणाऱ्या माणसांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

पहिल्या सीझनचा पाचवा भाग आम्ही सहा जणांनी वसतिगृहाच्या एका खोलीत, एकाच लॅपटॉपवर पाहिला. 'मूनलाइट'चा दिग्दर्शक बॅरी जेन्किन्स याने तो भाग केलाय. रेजी ग्रीन हा हुशार विद्यार्थी पार्टीत एका गोऱ्या मित्राला गाण्यातला अपमानास्पद शब्द उच्चारू नकोस म्हणून सांगतो. वाद वाढतो, कॅम्पसचे पोलीस येतात. भोवती एवढी माणसं असताना ओळखपत्र मागितलं जातं ते रेजीला. 'मलाच का?' एवढं विचारलं की त्याच्यावर बंदूक रोखली जाते. शेवटी तो खोलीचं दार लावून आत रडतो आणि सॅम बाहेर दाराला टेकून बसते.

भाग संपल्यावर आमच्या खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आमच्यातला एक जण बोलला. दोन वर्षं आमच्यासोबत राहत होता, पण हे कधी सांगितलं नव्हतं. रात्री ग्रंथालयातून परतताना गेटवर चौघांपैकी त्यालाच थांबवायचे. ओळखपत्र बघून झाल्यावर आडनाव मोठ्याने वाचायचे आणि मग विचारायचे, 'कोणत्या कोट्यातून?' आमच्याकडे बंदूक निघत नाही, आडनाव निघतं. त्या रात्री प्रत्येकाने आपापलं गेट सांगितलं. कुणाचं शिष्यवृत्तीच्या खिडकीवरचं, कुणाचं तोंडी परीक्षेतलं, कुणाचं मेसमधल्या टेबलावरचं. रोहित वेमुलाला जाऊन तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. हैदराबाद आमच्या डोक्यात ताजं होतं. दर रविवारी बसून वाचायचं आणि बोलायचं, हे आम्ही त्याच रात्री ठरवलं.

एक ज्येष्ठ कार्यकर्ते दादा आम्हाला म्हणाले होते, 'अरे, आपले प्रश्न कमी आहेत का? अमेरिकेतल्या मालिकेचं काय घेऊन बसलात?' दादांचा आम्ही आदर करतो. पण हे नातं आम्ही नव्याने जोडलेलं नाही. बाबासाहेबांनी 1946 मध्ये डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतले कृष्णवर्णीय संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागणार आहेत त्याची प्रत मागवली होती. 1972 मध्ये मुंबईतल्या आपल्या तरुणांनी संघटना काढली तेव्हा 'ब्लॅक पँथर'वरून 'दलित पँथर' हे नाव घेतलं. त्यांच्या लढ्याकडे बघणं ही आपली जुनी रीत आहे. आणि बघायचं तर टाळ्या वाजवून थांबायचं नाही, चिकित्साही करायची.

तर चिकित्सा अशी. तिसरा सीझन ऑगस्ट 2019 मध्ये आला. चौथा आणि अखेरचा आला 22 सप्टेंबर 2021 ला. या दोन तारखांच्या मध्ये कोरोना होता आणि 25 मे 2020 होती. त्या दिवशी मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर पोलिसाने गुडघा रोवून त्याचा जीव घेतला आणि अख्खी अमेरिका रस्त्यावर उतरली. आम्ही तेव्हा आपापल्या गावी अडकलो होतो. कुणी अकोल्यात, कुणी नांदेडात, कुणी साताऱ्यात. वाटलं, ज्या मालिकेने 2017 मध्येच रेजीवर रोखलेली बंदूक दाखवली, ती आता काय बोलेल! जगात कुणाला बोलायचा अधिकार असेल तर तो हिला आहे.

आली ती संगीतिका. पात्रं काही वर्षांनंतरच्या, महामारी सरलेल्या भविष्यात बसून कॉलेजचं शेवटचं वर्ष आठवतात. त्या वर्षी विद्यापीठाचा पारंपरिक रंगमंचीय कार्यक्रम कृष्णवर्णीय विद्यार्थी बसवत असतात. आणि मध्येमध्ये 1990 च्या दशकातली गाजलेली गाणी, नाच, रोषणाई. आम्ही आपापल्या मोबाईलवर वेगवेगळ्या गावांत पाहत होतो आणि रात्री फोनवर एकमेकांना एकच विचारत होतो, 'राग कुठे गेला?'

इथे कुणी म्हणेल, तुम्हाला गाण्याचं वावडं आहे. मित्रांनो, हे आम्हाला कसं म्हणता येईल? आपली चळवळ गाण्यावर वाढली. भीमराव कर्डकांचे जलसे, वामनदादांची गाणी, अण्णाभाऊंचा डफ. जिथे पुस्तक पोचलं नाही तिथे गाणं पोचलं. पण जलशात गाणं काय काम करतं ते आठवा. ते मुद्दा पुढे नेतं. समोर बसलेल्या माणसाला आजच्या अन्यायाबद्दल आजच प्रश्न विचारतं. या सीझनमधली गाणी दुसऱ्या कुणाच्या तरी आठवणीतून उसनी आणलेली वाटतात. ती सुरू झाली की गोष्ट थांबते, वाद थांबतो. जलशातलं गाणं माणसाला उठवतं, हे गाणं थोपटतं.

त्याहून जास्त खुपलं ते वेगळंच. या सीझनमध्ये आयेशा नावाची पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी येते आणि आपल्याच सीनियर्सना आव्हान देते. ज्या मंचाने आपल्याला अपमानित केलं त्याच मंचावर जाऊन नाचायचं कशाला, हा तिच्या विरोधाचा रोख. हा प्रश्न आपल्याला नवा आहे का? सत्तेच्या मंचावर जायचं की स्वतःचा मंच उभारायचा, यावर आपल्या चळवळीचे किती तुकडे झाले! त्या मुलीच्या प्रश्नावर अख्खा सीझन उभा राहिला असता. आम्हाला मात्र तो गाण्यांच्या गर्दीत बाजूला पडल्यासारखा वाटला. भविष्यात स्थिरावलेल्या माणसांच्या नजरेतून पाहिलं की लढ्याचं असंच होतं. तो 'आमचे ते दिवस' होऊन बसतो. आणि ज्याला आजही गेटवर थांबवतात, त्याच्यासाठी ते दिवस संपलेले नसतात.

पडद्यामागेही बघायला हवं. या मालिकेत रशीदची भूमिका करणारा अभिनेता जेरेमी टार्डी याने सप्टेंबर 2020 मध्ये जाहीरपणे आरोप केला की मानधनाच्या बोलणीत एका गोऱ्या सहकलाकाराला जी सवलत मिळाली ती आपल्याला नाकारली, म्हणून आपण शेवटच्या सीझनमध्ये नाही. निर्मिती कंपनी लायन्सगेटने भेदभाव झाल्याचं नाकारलं आणि हा फक्त पैशांच्या वाटाघाटीचा विषय असल्याचं म्हटलं. खरं-खोटं ठरवायला आम्ही न्यायाधीश नाही. पण लोकवर्गणीतून निघालेली गोष्ट मोठ्या कंपनीच्या घरात राहायला गेली की घरभाड्याचा प्रश्न येतोच, एवढं यातून दिसतं. गोष्ट आपली असली तरी ती किती वर्षं चालणार आणि किती पैशांत बनणार, हे किल्ल्या ज्यांच्या हातात आहेत ते ठरवतात.

याचा अर्थ मालिका टाकाऊ झाली असा मुळीच नाही. पहिले दोन सीझन आजही आम्ही नव्या मुलांना दाखवतो. पाचवा भाग तर दाखवतोच. सिमियन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जे दिलं त्याचं ऋण आहे. पण ऋण मान्य करणं वेगळं आणि तोंड बंद ठेवणं वेगळं. आपल्या माणसाने केलंय म्हणून प्रश्न विचारायचा नाही, ही भक्ती झाली, आणि भक्तीबद्दल बाबासाहेबांनी आपल्याला पुरेसं सावध करून ठेवलंय.

शिकायचं काय? गेटवर अडवला जाणारा आमचा तो मित्र शेवटचा भाग संपल्यावर फोनवर म्हणाला, 'रेजीने त्या रात्रीचं पुढे काय केलं, मला तेवढंच बघायचं होतं.' त्याला उपाय नको होता. आपल्यासारख्याच एका माणसाने त्या भीतीसोबत पुढचं आयुष्य कसं काढलं, एवढं सविस्तर हवं होतं. ते त्याला त्या मालिकेत पुरेसं मिळालं नाही. मग ते आपणच लिहायला नको का?

म्हणून सांगतो, आपापलं गेट लिहून काढा. तारीख, वेळ, कोण काय बोललं, तुम्ही काय उत्तर दिलं, सगळं. दोन पानं लिहा, रविवारी बैठकीत वाचा. कुणाला कॅमेरा येतो, कुणाला गाणं येतं, कुणाला नक्कल करून हसवता येतं. त्यांना ही पानं द्या. वर्गणी काढायची सवय आपल्याला आहेच, थोडी या कामासाठीही काढू. पंधरा मिनिटांची फिल्म असेल, पडदा शाळेच्या भिंतीवरचा असेल, पण तिचा शेवट काय असावा हे विचारायला कुणाच्या दारात जावं लागणार नाही.

जय भीम!